चाकाखालचं लिंबू

थांबा, हे आत्ताच सांगायला हवं! ग्रीसचे हात लिंबाने घासत होतो आणि त्या वासासरशी थेट २००५ सालच्या अमेरिकेतल्या नेपरव्हिलला पोचलो.

नागपूरचा संदीप माझा रूममेट. त्याच्या म्हाताऱ्या पिकअप ट्रकचे मागचे स्प्रिंगचे पाटे पार बसले होते, म्हणून जंकयार्डमधून नव्या मॉडेलचे पाटे आणले. घरमालकीण काकूंनी "आधी पूजा!" म्हणत पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली. मग आम्ही मागची बाजू जॅकवर उचलली आणि संदीप खाली घुसला. घरापुढचा ड्राइव्हवे उताराचा, पण हँडब्रेक लावलेला, म्हणून मी निवांत. यार, हँडब्रेक धरतो मागची चाकं, आणि ती तर हवेत होती!

संदीपने गंजलेला बोल्ट जोरात ओढला आणि पुढे लिंबू पचकन फुटलं. ट्रक सरकत होता.

"संद्या, बाहेर ये!"

"अबे थांब, बोल्ट निघून राहिला ना!"

"बोल्ट मरू दे, तू निघ!"

मी पाय धरून त्याला बाहेर खेचलं. जॅक कलला, ट्रक धाडकन खाली आला.

संदीप उठून बसला. "माझा चष्मा आत राहिला बे."

तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. आता मात्र माझ्या मुठीतले त्याचे घोटे आठवतात. तुमच्या हातून असं कुणी थोडक्यात वाचलंय का?