वाडी जंक्शनहून आलेली मुलगी

आठवीला मी दौंडच्या मुलींच्या शाळेत गेले, तोवर आपल्या बोलण्याला कुणी हसू शकतं हे मला माहीतच नव्हतं. वरवंडला आमच्या घरात, मळ्यात, बाजारात सगळे तसंच बोलायचे. गावात शाळा होती, पण पोरीनं तालुक्याच्या ठिकाणी शिकावं असं आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मनात होतं. म्हणून मी सकाळच्या एसटीनं दौंडला यायला लागले. पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, "गृहपाठ केलास का गं?" मी उभी राहून खरं ते सांगितलं, "न्हाई बाई."

सगळा वर्ग हसला. मधल्या सुट्टीपर्यंत माझं नाव न्हाईबाई पडलं होतं.

हे नाव ठेवणारी मुलगी वर्गात सगळ्यांत हुशार होती. वडील रेल्वेत चांगल्या जागेवर, स्वतःचं अक्षर सुंदर, आवाज गोड. तिच्या आजूबाजूला कायम तीन-चार जणी असायच्या. ती कधी मारायची नाही, ढकलायची नाही. मी काही बोलले की माझंच वाक्य माझ्याच चालीत परत म्हणायची, एवढंच. मी डबा उघडला की त्या नाकाला रुमाल लावून बाक बदलायच्या, कारण डब्यात भाकरी आणि ठेचा असायचा. महिनाभरात मी वर्गात बोलणंच सोडून दिलं. बाईंनी काही विचारलं तर उत्तर येत असूनही मान खाली घालायचे. घरी आप्पांनी विचारलं, "कशी हाय शाळा?" तर म्हणायचे, "बरी हाय."

गणपतीच्या सुट्टीनंतर एका सकाळी माझ्या बाकाशी एक उंच, सावळी मुलगी येऊन उभी राहिली. दोन घट्ट वेण्या, कपाळावर बारीक काळी टिकली. "इधर कोई बैठता क्या?" तिनं विचारलं. मी मानेनंच नाही म्हटलं. ती बसली.

तिचे वडील मालगाडीवर गार्ड होते आणि कर्नाटकातल्या वाडी जंक्शनहून त्यांची बदली झाली होती. घरात तेलुगू. इंग्रजी शाळेत वर्षाच्या मध्ये जागा मिळाली नाही, म्हणून तिला आमच्या शाळेत घातलं होतं. मराठी तिला जवळजवळ येतच नव्हती. मधल्या सुट्टीत मी डबा अर्धवट झाकून खायला लागले, तर ती वाकून बघायला लागली. त्या दिवशी आईनं अंबाडीची भाजी दिली होती.

"ये तो गोंगुरा है," ती म्हणाली, आणि न विचारता एक घास उचलला. मग ठेच्याकडे बोट केलं. मी म्हटलं, तिखट आहे. तिनं बोटभर चाटला, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "अम्मा इससे जादा डालती." तिच्या डब्यात चिंचेचा पिवळा भात होता. तो आम्ही दोघींनी मिळून संपवला. बाक बदलणाऱ्या मुलींकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

मराठी ती माझ्याकडूनच शिकली. हे काय, ते काय, असं दिवसभर विचारत राहायची. मी सांगायचे, ती घोकायची. आपण तिला काय शिकवतोय हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. एकदा बाईंनी तिला विचारलं, "तुझी वही कुठे आहे?" ती ताठ उभी राहिली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "बाई, वही घरी राहिली हाय. उद्या आनते."

वर्ग पुन्हा हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुट्टीत मी तिला म्हटलं, "हाय म्हणू नकोस. आहे म्हण. आणते म्हण. माझं चुकीचं हाय."

"तू घरी काय बोलती?" तिनं विचारलं.

"हाय."

"तुझी आई?"

"ती पन हाय."

"मग चूक कसं?" ती म्हणाली. "मी पेपरात आहे लिहीन. बोलताना हायच बोलणार. मला ते पयलं आलं."

आणि खरंच ती तशीच बोलत राहिली. मुली हसायच्या, ती त्यांचं हसणं संपेपर्यंत शांत थांबायची आणि मग आपलं वाक्य पुरं करायची. रागानं नव्हे. पाऊस थांबायची वाट बघत माणूस आडोशाला उभं राहतं, तशी. थोड्या दिवसांनी हसणाऱ्यांनाच अवघडल्यासारखं व्हायला लागलं.

दिवाळीच्या सुट्टीआधी एके दिवशी चित्रकलेच्या शेवटच्या तासानंतर बाहेर आलो, तर दाराशी काढलेल्या माझ्या चपला जागेवर नव्हत्या. त्या चार-पाच जणी कोपऱ्यात तोंडावर हात धरून उभ्या होत्या. ऑक्टोबरचं ऊन, आणि मला स्टँडपर्यंत चालत जायचं होतं. मी रडत नव्हते, पण काही बोलले असते तर रडले असते. माझ्या वाडीच्या मैत्रिणीनं स्वतःच्या चपलांपैकी एक माझ्या पुढ्यात सरकवली.

"एक तू घाल, एक मी."

"एकीनं कसं चालायचं?"

"लंगडत."

आम्ही तशाच निघालो. एक पाय चपलेत, एक डांबरावर. पोळणारा पाय उचलायचा, चपलेच्या पायावर उडी मारायची. मुख्य रस्त्यावर दुकानदार बघायला लागले, तशी ती जास्तच उड्या मारायला लागली आणि शेवटी आम्हा दोघींना इतकं हसू आलं की रसवंतीच्या सावलीत थांबावं लागलं. एसटीत बसल्यावर मी चप्पल तिला परत द्यायला लागले, तर म्हणाली, "घरी काय सांगशील? ठेव." आणि दुसरीही काढून खिडकीतून आत दिली. स्वतः अनवाणी रेल्वे क्वार्टरकडे गेली.

दुसऱ्या दिवशी माझ्या चपला तिला सायकल स्टँडच्या पत्र्यावर दिसल्या. शिपाईमामांना सांगून तिनं त्या काढून घेतल्या. आता ती बाईंकडे तक्रार करणार असं मला वाटलं. तसं काही झालं नाही. मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन सरळ त्या हुशार मुलीच्या बाकावर जाऊन बसली. मीही मागं जाऊन उभी राहिले.

"चपला सापडल्या," ती म्हणाली. "तुला हिच्याशी काय बोलायचं असंल तर बोल. मी हितं बसते."

ती मुलगी समोरच्या वहीत बघत राहिली.

"मग जेव," असं म्हणून तिनं आपला डबा त्या मुलीपुढे केला. सबंध सुट्टी ती तिथं बसून निवांत जेवली. त्या मुलीनं शेवटी एक घास घेतला, बहुतेक काय करावं ते न सुचून. मला तेव्हा थोडा रागच आला होता. मला वाटत होतं, हिनं तिला चांगलं सुनवायला हवं होतं. पण त्या दिवसानंतर माझ्या वस्तूंना कुणी हात लावला नाही.

नाताळच्या सुट्टीत माझी मैत्रीण वरवंडला आमच्याकडे राहायला आली. आप्पांना तर ऐकणारं कुणीतरी हवंच असायचं. भांडगावला विकलेली आमची म्हैस दावं तोडून परत कशी आली, ते त्यांनी तिला सांगितलं. तिनं ते पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. का, ते शाळेच्या स्नेहसंमेलनात कळलं. कथाकथनाला तिचं नाव पुकारलं गेलं, ती माईकपुढं उभी राहिली आणि आप्पांच्या आवाजात सुरू झाली: "तर मंडळी, सकाळी उठून बघतो तर म्हस दारात उभी. मी म्हनलं, का गं बाई, सासर पसंत पडलं न्हाई व्हय?"

सगळं सभागृह हसलं. पण हे हसू वेगळं होतं. म्हैस विकत घेणारा मागोमाग सायकलवर आला, त्यानं तिला ओढून बघितलं, ढकलून बघितलं, आणि अखेर दमून आमच्याच ओट्यावर चहा पीत बसला, इथपर्यंत तिनं सगळ्यांना धरून ठेवलं. वरवंडचं बोलणं त्या व्यासपीठावरून इतकं ऐटीत ऐकू येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. बक्षीस दुसऱ्याच मुलीला मिळालं. तिला त्याचं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती हुशार मुलगी माझ्या बाकाशी आली. "म्हैस खरंच परत आली होती?" तिनं विचारलं. माझी नक्कल न करता ती माझ्याशी बोलली ते पहिल्यांदाच.

"व्हय," मी म्हटलं. "दोनदा आली."

आमची दोघींची मैत्री अशी कधी झाली नाही, पण नववीत मी वर्गात हात वर करायला लागले होते, आणि ती मागं वळून माझं उत्तर ऐकायची.

त्याच वर्षी एकदा मी माझ्या वाडीच्या मैत्रिणीच्या क्वार्टरमध्ये गेले होते. ती पाणी भरायला गेली होती आणि तिची आई माझ्या डोक्याला तेल लावत होती. बोलता बोलता ती मोडक्या हिंदीत सांगायला लागली. वाडीच्या शाळेत मुलं हिच्या रंगावरून फार चिडवायची. हिच्या शेजारी कुणी बसायचं नाही. सकाळ झाली की पोटात दुखतं म्हणायची, बरेच दिवस शाळेतच गेली नाही. दौंडला पहिल्या दिवशी वडिलांनी हात धरून फाटकापर्यंत आणली, तेव्हा त्यांचा हात सोडायला तयार नव्हती.

मला ते खरं वाटेना. मी तिला जन्माचीच धीट समजत होते. स्टँडकडे जाताना मी विचारलं, "पयल्या दिवशी तुला भीती वाटली व्हती?"

"लई," ती म्हणाली.

"मग माझ्याजवळ कशी आलीस?"

तिनं माझं दप्तर आपल्या खांद्याला अडकवलं. "सगळ्या वर्गात तूच माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली दिसलीस."

मग एसटी लागली, आणि खिडकीची जागा धरायला तीच माझं दप्तर घेऊन पुढं पळाली.