बाद झालेले शेवट

इथे आखातात, अल कुसैसला, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक सरदारजी राहतात. पंजाबीत कथा लिहितात. तिकडे त्यांचं मोठं नाव आहे म्हणे. आमच्या बिल्डिंगमध्ये मात्र ते दिसले की लोक लिफ्ट सोडून जिना धरतात. कारण त्यांची रीत. लिहायच्या आधी ते कथा कुणाला तरी ऐकवतात, शेवटापाशी थांबतात आणि विचारतात, "अब बताओ, आगे क्या हुआ?" समोरच्याने ओळखलं, की तो शेवट बाद.

सासरे गेल्यावर नवऱ्याने आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सांगलीहून कायमचं इथे आणलं आणि सरदारजींना ग्रहण लागलं. आईंनी जन्मभर जावा-नणंदा सांभाळलेल्या. माणूस पुढे काय करणार, हे त्यांना चहा गाळता गाळता कळतं. "भाई जमीन देगा," त्या सांगायच्या, "लेकिन बहन मरने के बाद." सरदारजी कपाळावर हात मारायचे. "खलास! बहनजी, आपने फिर मार डाला."

"त्यात काय एवढं?" आई मला म्हणायच्या. सरदारजींच्या नव्या संग्रहातली शेवटची कथा काही पुरी होईना. मला मात्र भलती मजा यायची.

एका शनिवारी ते मुद्दाम नवरा घरी असताना आले. नवी कथा एका म्हातारीची होती. मुलाने हौसेने परदेशात आणलेली. एसी आहे, नातवंडं आहेत, ती इंग्रजीत उत्तरं देतात. गावच्या घराची किल्ली ती अजून कमरेला खोचते.

"अब बताओ, आगे क्या हुआ?"

आईंच्या कमरेची किल्ली आम्ही दोघंही रोज बघत होतो.

नवरा हसत म्हणाला, "सांग ना आई, तुला तर सगळं येतं."

"ती घरी जाणार," आई मराठीत म्हणाल्या. "मुलाला वाईट वाटेल म्हणून बोलत नाही, इतकंच."

मला रडू आलं आणि सरदारजींचा रागही आला. शेजाऱ्याकडे चहाला येऊन कुणी असं करतं का?

नवऱ्याने कप खाली ठेवला. "पहचान लिया अंकल. अब ये एंडिंग कॅन्सल ना?"

"नहीं पुत्तर. ये वाली रखूंगा."

नवऱ्याची नजर आईंच्या कमरेच्या किल्लीवर गेली. मग त्याने विचारलं, "आई, तिकीट कधीचं काढू?"

आई त्याच्याकडे बघतच राहिल्या. हे काही त्यांनी ओळखलं नव्हतं.