दोन तारेच निघाले

देवासला आमच्या समोरच राहतो तो. बोलता बोलता थांबतो, "नाही, असं नाही," म्हणून आपलंच वाक्य दुरुस्त करतो. भाजीवाल्याकडेसुद्धा "साधारण अर्धा किलो" मागतो.

दूरच्या ताऱ्यासमोरून दुसरा तारा सरकला, की त्याच्या गुरुत्वाकर्षणाने मागच्याचा उजेड काही दिवस वाढतो. त्या चढउतारावरून समोरून काय गेलं, ते हा घरी कंप्यूटरवर गणित मांडून शोधतो. गेल्या वर्षी त्याला एका ताऱ्याबरोबर ग्रह आहेसं वाटलं. अप्पांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, ते गावभर केलं आणि गणपतीत मंडळाने सत्कार ठेवला.

शाल पुढे येताच त्याने माइक घेतला. "काल हिशेब परत केला. ग्रह नाहीये. दोन तारेच निघाले. तशा जोड्या पुष्कळ असतात."

मागून कोणी ओरडलं, "भिया, आज तो ग्रहच रहने दो!" मांडव हसला. पहिल्या रांगेतले अप्पा उठून चालते झाले.

"चार दिवसांनी सांगायचंस रे," मी नंतर म्हटलं.

"शाल घेऊन मग कोणत्या तोंडाने सांगणार, काकू?"

अप्पा त्याच्याशी पुन्हा बोलले नाहीत. महिन्याभरात ते धारला लेकीकडे राहायला गेले. हा दर रविवारी बसने तिथे जातो. त्याची ताई सांगते, त्याचा आवाज आला की अप्पा खोलीची आतून कडी लावतात. हा दाराबाहेर खुर्ची ओढून बसतो, आणि अंधार पडायला लागला की परतीची बस धरतो.