सासऱ्यांची सोंगटी

काही घरांत जुनी भांडी साठतात, काही घरांत रद्दी. आमच्या असोद्याच्या घरात किस्से साठतात, आणि ते बहुतेक सगळे एकाच कापडावर घडलेले असतात: सोंगट्यांच्या पटावर. माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालंय, तरी निम्म्या किश्श्यांत हसं झालेली व्यक्ती मीच! मी फारशी बोलत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं, ही विचार करत असते. पटावर बसले की तो गैरसमज दूर होतो.

*

सुरुवात बघण्याच्या कार्यक्रमापासून. माझ्या माहेरी, धुळ्याला, पाहुणे आलेले. सासूबाईंनी स्वयंपाकाचं विचारलं, शिवणाचं विचारलं. मी मान हलवत होते. मग नाना, म्हणजे माझे सासरे, पुढे सरकून म्हणाले, "सोंगट्या खेळता येतात का?"

मी त्यालाही मान हलवली. अशा वेळी कशालाही मान हलवायची असते, अशी माझी समजूत होती.

नाना माझ्या वडिलांना म्हणाले, "पसंत आहे." पत्रिका नंतर पाहिली!

झालं असं होतं की माझी नणंद लग्न होऊन लांब गेली आणि नानांच्या पटाला चौथा गडी उरला नाही. ती जागा मी भरली. पण त्यामुळे एक काळजी वर्षभर पोटात होती. पहिल्या आखाजीला मला धुळ्याला सोडतील ना? आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आम्हा सासुरवाशिणींचा हक्काचा सण. झोके, गाणी, आईच्या हातचं आयतं जेवण. पण याच दिवसांत खानदेशातले पुरुष ओट्याओट्यावर खुलेआम डाव मांडून बसतात. चौथा गडीच माहेरी गेला, तर नानांनी खेळायचं कुणाशी?

*

पहिला डाव. नाना आणि आमचे हे एका बाजूला, सासूबाई आणि मी दुसऱ्या. मला असं दान पडलं, की माझी सोंगटी बरोबर नानांच्या सोंगटीवर! मारायची. म्हणजे ती उचलून परत सुरुवातीला पाठवायची.

आता सासऱ्यांची सोंगटी कशी मारायची? मी पदर सावरला आणि निमूटपणे दुसरीच सोंगटी पुढे सरकवली.

"व माय!" सासूबाई ओरडल्या. "मारायची सोडून वाट देऊन राहिली!"

नाना खूश. "पोरगी संस्कारी आहे."

"संस्कार चुलीपाशी! पटावर नाही!"

पुढच्या वेळी मी घाबरत घाबरत मारली. आणि मारल्याबरोबर, काय करावं सुचेना म्हणून, नानांच्या पाया पडले.

नानांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "यशस्वी हो!"

तो डाव आम्ही जिंकलो. तेव्हापासून सासूबाई मला बजावतात, "आधी पाया पड, मग मार."

*

नागपंचमीला शेजारच्या मुली सापशिडी घेऊन आल्या. सासूबाईंनी पट पाहिला आणि आत जाऊन हळदकुंकू घेऊन आल्या. शेवटच्या घराजवळच्या सर्वांत मोठ्या सापाला त्यांनी बोट लावलं, मला म्हणाल्या, "तूही वाहा, आज त्याचा दिवस आहे."

मी मनापासून वाहिलं. त्यानं मला दोनदा गिळलं!

*

यांनी जळगावहून ल्युडो आणला. पुठ्ठ्याचा चकचकीत बोर्ड, प्लॅस्टिकच्या गोट्या. मी माझं ज्ञान पाजळलं, "नाना, हा इंग्रजांचा खेळ."

नानांनी बोर्ड फिरवून फिरवून पाहिला. चार बाजू, चार रंग, मधलं घर.

"इंग्रजांचा कशाचा? आपलाच पोरगा आहे. विलायतेत जाऊन पँट घालून आला!"

*

मग आला व्यापार. मी बी.कॉम., म्हणून बँक माझ्याकडे. नानांनी मुंबई घेतली.

हे म्हणाले, "नाना, आता त्यावर घरं बांधा. भाडं वाढेल."

"घरं कसाले? केळी लाव."

"नाना, मुंबईत..."

"पाणी नाही का तिथं?"

नाना काही केल्या घर बांधेनात आणि घेतलेली जमीन विकेनात. मी पडले सून. त्यांच्याकडे दंड मागायची मला लाज वाटे, म्हणून तो मी बँकेतूनच परस्पर भरत राहिले. बी.कॉम.ची बँक जेवणाआधी बुडाली!

*

आणि आखाजी आली. आदल्या दिवशी सकाळी माझा धाकटा भाऊ न्यायला हजर. गल्लीच्या तोंडाशी त्याच्या मित्राची जीप उभी, तिला लगेच धुळ्याला परतायचं होतं. माझी बॅग तर दोन दिवस आधीच भरून दाराशी ठेवलेली.

नाना म्हणाले, "जा ना. एवढा एक डाव झाला की जा."

डाव मांडला. भाऊ चपला न काढताच उंबऱ्यावर उभा. डाव लांबत गेला. शेवटी नानांची एकच सोंगटी उरली, घराच्या अगदी तोंडाशी. ती आत गेली की नाना जिंकणार, डाव संपणार, मी सुटणार. पण माझी एक सोंगटी तिच्या मागेच होती. एरवी नाना आपली सोंगटी कधी उघड्यावर ठेवत नाहीत. आज ठेवली होती, आणि स्वतः आढ्याकडे बघत बसले होते.

मी कवड्या टाकल्या. दान पडलं, नेमकं तेवढंच.

मारली तर नानांना पूर्ण फेरा परत मारावा लागणार. म्हणजे दुपार.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

"ताई," भाऊ म्हणाला, "चाल व आते!"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग बॅगेकडे. ज्या बाईनं आजवर पटावर कुणाची गय केली नाही, ती माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाली, "सोड त्याले. जाऊ दे घरात."

मी सोंगटी उचलली. एक घर, दोन घरं, तीन घरं...

"मारली!" मी ओरडले. लग्नानंतर त्या घरात इतक्या मोठ्यानं मी पहिल्यांदाच बोलले असेन.

हॉर्न पुन्हा वाजला, मग दूर जात जात बंद झाला. भाऊ माझ्याकडे बघतच राहिला.

"संध्याकाळी एसटी असते," मी कवड्या गोळा करत त्याला म्हटलं. "चपला काढ. जेवून घे."