जुना हवा

गेल्या शनिवारी आमच्या हॅरोच्या मराठी शाळेत थेट अंटार्क्टिकाहून पाहुणी आली... व्हिडिओ कॉलवर! पाहुणी म्हणजे माझीच लेक सायली, तिथल्या रिसर्च स्टेशनवर बर्फाचा अभ्यास करते. आपल्याच पोरीचं कौतुक आपण करू नये म्हणतात, पण मी करणार आहे.

धाकधूक मात्र होती. सायली इथेच, परदेशात जन्मली, वाढली. लहानपणी भरभरून मराठी बोलायची, पण मी पडले मराठीची टीचर... तिच्या प्रत्येक वाक्याला माझं 'तो नाही गं, ती' सुरू. अकराव्या वर्षी तिने मराठी बोलणंच सोडलं. पुढची पंधरा वर्षं मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं.

त्यामुळे 'तुझ्या वर्गातल्या मुलांशी मराठीत बोलते' असं ती आपणहून म्हणाली, तेव्हा मला खरंच वाटेना.

स्क्रीनवर लाल जॅकेट, फुटलेले ओठ, हातात बर्फाचा लांबुळका तुकडा. मुलं चिडीचूप. "हा बर्फ खूप खोलातून काढलाय," सायली म्हणाली. "ह्यात छोटे बबल्स आहेत ना, त्यात हजारो वर्षं जुना हवा आहे."

"जुनी हवा," मी म्हणाले. सवयच मेली तशी... तोंडातून निघून गेलं.

ती थांबली. मी जीभ चावली.

"जुनी हवा. थँक्यू, आई." ती चक्क हसली आणि मुलांकडे वळली. "इथे बाहेर गेलं की सारखं रेडिओवर बोलावा लागतो. चुकीचं बोललं तर चालते. पण कोणी बोललाच नाही, तर सगळे काम सोडून त्याला शोधायला जातात."

पंधरा वर्षं ती गप्प होती आणि मी शोधायला निघाले नव्हते... ती आपली आपणच परत आली होती.

मग वर्गाला कंठ फुटला. 'तुझा आंघोळ कसा होतो' इथपासून प्रश्न. मी ओठ घट्ट मिटून बसले, आणि तिकडे माझी लेक मोडक्या मराठीत पृथ्वीची गोष्ट सांगत होती. ऊर भरून आला अगदी.

शेवटी रेंज जायला लागली. "आई, माझी आवाज येते ना?"

'येतो' अगदी जिभेवर आलं होतं... गिळलं.

"येते, बाळा. स्पष्ट येते."

बाई चुकल्या म्हणून अख्खा वर्ग हसला. हसू देत.