एक श्रोता, जोहे

गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या आठवड्यात आमच्या साप्ताहिकाच्या वाचकांच्या पत्रांत ‘एक श्रोता, जोहे’ या सहीचे पत्र छापून आले. त्यानंतर या सहीचे पत्र आलेले नाही.

पत्राची सुरुवात नेहमीची होती. ‘संपादक महाशय, दोनदा ऐकले.’ त्यांचे प्रत्येक पत्र याच वाक्याने सुरू होई. कोळीगीते, हळदीची गाणी, गणपतीची गाणी, कुठलाही नवा अल्बम मोबाइलवर आला की ते तो दोनदा ऐकत आणि मग आम्हाला लिहीत. तिसऱ्यांदा का ऐकत नाही, असे मी एकदा विचारले होते.

“पहिल्यांदा गायकासाठी ऐकतो, दुसऱ्यांदा माझ्यासाठी. तिसऱ्यांदा कोणासाठी ऐकू?”

पत्रांचे पान माझ्याकडे आहे. टोपणनावाने पत्र छापायचे तर खरे नाव आणि पत्ता आम्हाला कळवावा लागतो. त्यामुळे श्रोता कोण, हे कार्यालयात फक्त मला माहीत होते. जोह्यात सगळ्यांना माहीत होते. कार्यालयात आम्ही त्यांना श्रोतेबुवा म्हणत असू, आणि इथेही तेच नाव ठेवतो.

श्रोतेबुवांचा गणपतींचा कारखाना आहे. पेणहून जोह्याच्या बाजूला गेला असाल तर असे कारखाने तुम्ही पाहिले असतील. होळीपासून मूर्ती ओळीने उभ्या असतात आणि दिवसभर गाणी चालू असतात. मूर्तीवर आधी घासकाम होते, म्हणजे पॉलिश पेपरने अंग गुळगुळीत करायचे. मग रंगकाम. सगळ्यात शेवटी आखणी, म्हणजे डोळे काढायचे. आखणी ते स्वतः करत. एका हाताने दुसऱ्या हाताचे मनगट धरून, श्वास रोखून.

अल्बमची प्रतवारीही त्यांनी याच तीन कामांवर बसवली होती. कानाला त्रास झाला तरी हाताचे बिघडत नाही, ते गाणे घासकामाचे. त्याच्यावरचे रंगकामाचे. आणि जे चालू असताना डोळा काढता येतो, ते आखणीचे. आखणीची पायरी आमच्या पानावर फारच थोड्यांना मिळाली. त्यांतल्या एका अल्बममध्ये नुसती सनई होती.

ते गाण्याचा व्हिडिओ कधी पाहत नसत. मोबाइल पालथा घालून ठेवत. गाण्याच्या सुरुवातीला गायक स्वतःचे आणि गावाचे नाव घेतो, ते त्यांना खपत नसे. ‘पाहुण्याने उंबऱ्यात उभे राहून आधारकार्ड वाचून दाखवावे, तसे वाटले,’ असे एका पत्रात आहे. यंत्राने सूर सरळ करून घेतलेल्या एका गायकाबद्दल त्यांनी लिहिले, ‘गळा इस्त्रीला दिला होता. सुरकुती गेली, कापडही गेले.’ आवाज घुमवण्याची हौस असलेल्या दुसऱ्या एकाला, ‘आपण विहिरीत राहता काय,’ असे विचारले.

रोह्याच्या एका बँजो पार्टीने उलट पत्र पाठवले की श्रोत्याने आधी एक ओळ गाऊन दाखवावी. श्रोतेबुवांचे उत्तर पुढच्या अंकात आले. ‘कावळ्याला कावळा म्हणण्यासाठी मी उडून दाखवत नाही.’

ते चुकतही असत. हळदीचे एक गाणे त्यांनी घासकामालाही नालायक ठरवले. त्या मोसमात पेणपासून रोह्यापर्यंत त्या गाण्याशिवाय एक हळद लागली नाही. आम्ही त्यांचे मत पुन्हा मागवले. ‘मी चुकलो नाही, लोक चुकले,’ असे त्यांनी कळवले. पुढे शेजारच्या हळदीत ते त्याच गाण्यावर नाचताना मी स्वतः पाहिले. त्यांनीही मला पाहिले. नाचत नाचत जवळ आले आणि म्हणाले, “पाय माझे हायत, मत येगळं हाय.”

आता मूळ हकिकत.

त्या शेवटच्या पत्राच्या आदल्या वर्षी, रोह्याच्या पुलापलीकडच्या अष्टमी गावातल्या एका तरुणाचा गणपतीच्या गाण्यांचा अल्बम आला. पाच गाणी. श्रोतेबुवांनी लिहिले, ‘पाच गाण्यांत देव एकदाही आला नाही, गायक मात्र पाचही वेळा आला. सदर गायक शिफ्टची बस चुकेल अशा घाईने गातो. घासकाम.’ तरुण कोण आणि काय करतो, याची त्यांना काही माहिती नव्हती. तो डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे शिफ्टमध्ये काम करत होता आणि कंपनीच्या बसनेच जात-येत होता.

तरुणाची आई अष्टमीत पुलाजवळ ब्लाउज शिवते. तिने ते पत्र कापून दुकानाच्या आरशाला अडकवले. गिऱ्हाइकांनी विचारले की सांगे, “दुश्मन डोळ्यापुढे असला म्हणजे बरा.”

पुढच्या वैशाखात श्रोतेबुवांच्या मुलीला याच तरुणाचे स्थळ आले. तो कार्यक्रम मी पाहिलेला नाही. श्रोतेबुवांनी आणि मुलाच्या आईने मला तो वेगवेगळा सांगितला. दोघांच्या सांगण्यात फरक एवढाच की पोह्यांत मीठ होते की नव्हते.

मुलगा-मुलगी अंगणात बोलायला गेली. आत मुलाची आई म्हणाली, “आमचा पोरगा गातो पण. अल्बम हाय त्याचा.”

“हां,” श्रोतेबुवा म्हणाले.

“तुमच्या गावात कोण तो श्रोता हाय म्हनं. पेपरात लिवतो. त्याला एकदा बघायचाय मला.”

“गाव मोठा हाय आमचा.”

दारात कारखान्यातल्या बायका उभ्या होत्या. त्यांतली एक पदर तोंडाला लावून बाहेर गेली. श्रोतेबुवांच्या पत्नीने तिच्या पाठोपाठ जाऊन, “हस नको गो, पोरीचं जमतंय,” असे सांगितले.

दुसऱ्याच दिवशी श्रोतेबुवा जोह्याच्या बसने पेणला आले आणि कार्यालयात माझ्यासमोर बसले.

“ओ पत्रकार, माझं नाव कोणाला सांगू नका.”

“आम्ही सांगत नाही.”

“आनी तो मेला, असं छापता येईल काय?”

“कोण?”

“श्रोता.”

निधनवार्तेला घरच्यांची सही लागते, हे मी सांगितले. मग ते म्हणाले की मुलीला मुलगा पसंत आहे. आतापर्यंत आलेल्या प्रत्येक स्थळाला तिने नकार दिला होता. एकजण जेवताना आवाज करतो म्हणून, एकजण स्वतःबद्दलच बोलत राहिला म्हणून. “माझीच पोर ती. सगळ्यांना घासकामात काढलंन. हा पहिला, जो गेल्यावर तिने इचारलं, परत कधी येनार. माझ्या एका पत्रापायी ह्ये मोडलं, तर घरात तोंड कुठं दाखवू?”

साखरपुडा श्रावणात ठरला. त्याआधी आषाढात मुलाचा दुसरा अल्बम आला, पुन्हा पाच गाण्यांचा. आठवड्याभरात श्रोतेबुवांचे पत्र आमच्याकडे पोहोचले. ‘संपादक महाशय, दोनदा ऐकले. अप्रतिम. मंत्रमुग्ध झालो. पाचही गाणी आखणीची.’

‘मंत्रमुग्ध’ हा शब्द दुसऱ्या एका वाचकाने वापरला होता, तेव्हा त्याच्याविरुद्ध याच श्रोतेबुवांनी आम्हाला पत्र लिहिले होते. मी त्यांना फोन केला आणि पत्र असेच छापायचे का, असे विचारले.

“छापा. आनी मला इचारू नका.”

आम्ही छापले. पानाच्या तळाला नेहमीची ओळ होती की मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही.

त्या आठवड्यात जेवढी पत्रे आली तेवढी पाणीटंचाईलाही येत नाहीत. श्रोत्याची प्रकृती बरी आहे ना, अशी एका वाचकाने चौकशी केली. बँजो पार्टीने, आमच्याही अल्बमला हेच शब्द लावावेत, अशी मागणी केली. मुलाच्या आईचा फोन आला. “पयल्यांदा शिव्या घातल्यान, तेव्हा मानूस खरा वाटला. ह्या वेळी कोण बोलतोय त्याच्या तोंडून?”

मुलगा आणखी दुखावला होता. पहिले पत्र त्याला मनातून पटले होते, हे आईलाही ठाऊक नव्हते. घाई होते, हे मान्य करून त्याने दुसऱ्या अल्बमची गाणी सुट्टीच्या दिवशी, सावकाश रेकॉर्ड केली होती. आता श्रोता काय म्हणतो याची तो वाट पाहत होता. पाचही गाणी आखणीची, हे वाचून त्याला वाटले की आपली थट्टा केली. त्याने मुलीला फोन केला. तुमच्या गावच्या माणसाने मला हसण्यावारी नेले, आता मी गाणार नाही, आणि साखरपुड्याचेही गणपतीनंतर बघू, असे तो म्हणाला.

गणपतीनंतर पितृपक्ष लागतो. मुलीने फोन ठेवला आणि कारखान्यात वडिलांसमोर जाऊन उभी राहिली.

“बाबा, तुम्ही बिघडवलंत. तुम्हीच निस्तरा.”

“मी तर चांगलं लिवलं.”

“म्हनूनच.”

श्रोतेबुवा दुसऱ्या दिवशी एकटेच रोह्याला गेले. मोसमाच्या ऐन भरात आखणी सोडून ते कारखान्याबाहेर पडले, असे यापूर्वी कोणाच्या आठवणीत नाही. पूल ओलांडून ते अष्टमीला दुकानात पोहोचले तेव्हा मुलगा रात्रपाळी करून घरी आला होता. आरशाला पत्र अडकवलेले होते. ते त्यांनी वाचले आणि चष्मा खिशात ठेवला.

“ह्ये माझं हाय,” ते म्हणाले. “परवाचंही माझंच. ह्ये खरं होतं.”

मुलाच्या आईने मशीन थांबवले. पुढे बराच वेळ कोणी बोलले नाही, असे त्या सांगतात. श्रोतेबुवांच्या मते त्या बोलत होत्या, आपल्याला ऐकू येत नव्हते.

मग मुलगा म्हणाला, “मग दुसरा अल्बम कसा हाय?”

“दोनदा ऐकला.”

“आनी?”

श्रोतेबुवांनी पाणी मागितले. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, “तिसरं गाणं रंगकामाला चालेल. बाकीची घासकाम.”

मुलगा खाली बसला. “तिसरंच का?”

संध्याकाळपर्यंत दोघे मोबाइल पालथा घालून एकेक गाणे ऐकत होते. तिसऱ्या गाण्यात तू कोणाला दाखवत नव्हतास, म्हणून ते बरे झाले, असे श्रोतेबुवांचे म्हणणे. ते गाणे रेकॉर्ड करताना घसा बसला होता आणि गाणे टाकूनच देणार होतो, असे मुलाचे. पहिल्या गाण्यावरून दोघांचा वाद झाला आणि आवाज रस्त्यापर्यंत गेला. मुलाच्या आईने तीनदा चहा केला. तिसरा चहा देताना त्या म्हणाल्या, “यवढं तोंडावर बोलतो, त्याच्या घरची मुलगी करायला हरकत नाय. निदान आमटी बिघडली तर खरं कळेल.”

साखरपुडा ठरल्या दिवशीच झाला.

शेवटचे पत्र त्यानंतर आले. ते पूर्ण देतो.

‘संपादक महाशय, दोनदा ऐकले. मागील पत्रातील मत मी मागे घेत आहे. पाचपैकी एक गाणे रंगकामाचे असून बाकीची घासकामाची आहेत. सदर गायक माझे होणारे जावई आहेत. वाचकांना हे माहीत असावे. घरचा माणूस गायक असताना या पानावर मत देणे योग्य नाही, म्हणून थांबतो. बँजो पार्टीने आनंद मानू नये. कळावे. एक श्रोता, जोहे.’

तुळशीच्या लग्नानंतर लग्न झाले. हळदीला त्या नावाजलेल्या गाण्यावर श्रोतेबुवा नाचले. बँजो पार्टी रोह्याचीच होती. पार्टीच्या प्रमुखाने मध्येच वाजवणे थांबवून, “श्रोतेबुवा, ह्ये कुठल्या कामाचं?” असे विचारले. श्रोतेबुवांनी वाजवायची खूण केली आणि पाठ फिरवली.

जावयाचा तिसरा अल्बम येणार, अशी घोषणा लग्नाच्या मांडवातच झाली होती. ती बातमी आम्ही छापली. नंतर अल्बम पुढे ढकलल्याची छापली. मग लवकरच येणार, अशी. वाचक अजून विचारतात की श्रोत्याचे पत्र का येत नाही. त्यांना आम्ही शेवटचे पत्र वाचायला सांगतो.

मागच्या आठवड्यात रोह्याच्या एसटी स्टँडवर मुलाची आई भेटली. मी अल्बमचे विचारले.

“दर सुट्टीला जोह्याला जातो सासऱ्याकडं. गाणं घेऊन जातो आनी तसंच परत घेऊन येतो,” त्या म्हणाल्या. “दोघं बसतात मोबाइल पालथा घालून. सून म्हनते, आई, मी माहेरी गेले तर माझ्याशी कोन बोलत नाय.”

“किती गाणी झाली?”

“झाली तर बरीच. पास एक झालंय.”

हा मजकूर छपाईला जाईपर्यंत तिसरा अल्बम आलेला नव्हता.