दुकान राखून कुलूप नेणारा चोर

मस्तगडातली ती कुलपांची भानगड आठवली की आजही हसू येतं, आणि स्वतःची थोडी लाजही वाटते. मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. माणूस एका नजरेत ओळखतो, असा माझा तोरा होता.

भर दुपारी दुकानदार जेवायला घरी गेले की बंद दुकानांची कुलपं गायब होऊ लागली. आतल्या मालाला मात्र हात लागलेला नसे. उलट कडीत तार घालून ती पक्की पिळून ठेवलेली.

"साहेब," आमचे हवालदार म्हणाले, "कुलूप नेतो अन् दुकान राखून जातो. असा चोर पैल्यांदाच पाहून राह्यलो."

पंचनाम्याला बंद घर उघडायचं असलं की आम्ही कुलूप-किल्लीवाल्या चाचांना बोलवायचो. चाळीस वर्षांचा धंदा, सगळ्या पेठेच्या किल्ल्या त्यांच्या हातून गेलेल्या, पण कधी एक तक्रार नाही. अलीकडे त्यांना कंपवात झाला होता. या वेळीही मी त्यांनाच बोलावलं. कडी पाहून ते मान खाली घालून म्हणाले, "ओरखडा न्हाई. काम सफाईचं आहे." जाणकाराचं मत म्हणून मी ते स्टेशन डायरीत नोंदवलं!

आठवड्याभरात चहाच्या गाडीवरचा आमचा खबऱ्या आला. "साहेब, दुपारी चाचा बंद शटरसमोर घुटमळून राह्यले."

मी त्यालाच झापलं. "अरे, त्यांना चहाची बशी धरवत नाही. ते काय कुलूप उघडतील?"

तरी खबर ती खबर. चाचांना ठाण्यात बोलावलं. सोबत चाची आल्या. चहा दिला, तो निम्मा टेबलावर सांडला. माझी खात्री पटली, माणूस निर्दोष आहे. मग सहज, माझ्या कपाटाचं अडलेलं कुलूप पुढे सरकवलं. "एवढं बघता का?"

चाचांनी खिशातून तार काढली. हात कामाला लागला आणि थरथर थांबली. मी बघत राहिलो, तोवर कुलूप उघडलंसुद्धा.

"चाचा, बाकीची कुठं आहेत?"

त्यांचे डोळे भरून आले. "घरी, पेटीत. सगळी साफ केली, तेल दिलं. सच बोलतो साहेब, चोरायची न्हाई व्हती. कुलूप दिसलं की ऱ्हावतच न्हाई. आता नाव गेलं माझं. कोण किल्ली देईल मला?"

चाची तडकल्या. "डॉक्टरनं गोळ्या वाढवल्या तवापासून हेच चालू आहे! घरातली कुलपं खोलून झाली, घड्याळ झालं, माझा कुकर बी सोडला न्हाई. मंग बाहेर निघाले!"

मी पेन खाली ठेवलं आणि दोघांना घेऊन थेट डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "कंपवाताच्या काही औषधांनी काहींना अशी अनावर ओढ लागते. कुणी जुगार खेळतो, कुणी खरेदी करत सुटतो, कुणी वस्तू खोलत बसतो. लाजेनं सांगत मात्र नाहीत. हा कंपही रिकाम्या हाताला जास्त असतो, कामात बऱ्याचदा कमी होतो. गोळ्या मनानं बंद करू नका, मी बदलून देतो."

लेखी फिर्याद अजून कुणाची नव्हती. दुकानदारांना बोलावून सगळं समजावलं, कुलपं समोर मांडली. एक कापडवाले शेठ ऐकेनात. "गुन्हा नोंदवा!" म्हणत त्यांनी आपल्या कुलपात किल्ली फिरवली. ती लोण्यासारखी फिरली. "आयला, हे तर वर्षभर अडत होतं!" सगळे खो खो हसले. शेठही हसले, आणि तक्रार तिथंच संपली.

काही आठवड्यांनी ओढ ओसरली. शेठ नव्या गोदामाच्या कुलपाची दुसरी किल्ली करायला चाचांकडेच गेले. मी मुद्दाम तिथं थांबलो होतो.

"किल्ली कशाला? तारेनं उघडा की!" शेठनी डिवचलं.

"मन न्हाई होत आता," चाचा म्हणाले. "किल्ली द्या."

तेव्हापासून तपासात मी एक प्रश्न वाढवला: गोळ्या कोणत्या चालू आहेत? आणि तो संशयिताला विचारून भागत नाही, त्याच्या घरच्या बाईला विचारायचा. तिला सगळं ठाऊक असतं. आपण विचारायची ती वाट पाहत असते.